रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (१७ जुलै १९११ – २० नोव्हेंबर १९७४) हे भारतीय हृदयरोगतज्ज्ञ, संशोधक आणि वैद्यकीय ग्रंथकार होते. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम त्यांनी मुंबईतील रुग्णांवर पद्धतशीरपणे मोजला आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या लेखामुळे भारतात पूर्वापार वापरात असलेल्या एका औषधाकडे जगभरातील वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. पुढे याच मुळीतून वेगळ्या केलेल्या रेझर्पिन या द्रव्याच्या साहाय्याने हृदय, रक्तवाहिन्या व मेंदू यांना मिळणाऱ्या ॲड्रेनॅलिनसदृश संदेशांचा उलगडा होण्यास मोठी मदत झाली. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक असा वकील यांचा अनेकदा उल्लेख केला जातो.

जीवन आणि शिक्षण

वकील यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथील विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते मायदेशी परतले. त्यानंतरची त्यांची संपूर्ण कारकीर्द मुंबईत घडली. परळ येथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयाशी, म्हणजेच सर्वसामान्यांच्या बोलण्यातील केईएम रुग्णालयाशी, ते हृदयरोगतज्ज्ञ म्हणून संबंधित होते.

वकील यांनी व्यवसाय सुरू केला त्या काळात हृदयरोगशास्त्र ही भारतात वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून नुकतीच आकार घेत होती. हृद्‌विद्युतालेख काढण्याची सोय मोजक्या रुग्णालयांत होती. हृदयविकाराच्या निदानाचा मुख्य भर नाडी, स्टेथोस्कोप, रक्तदाबमापक आणि रुग्णाची बारकाईने केलेली विचारपूस यांवर असे. रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी हा वकील यांच्या अध्यापनाचा आणि लेखनाचा कायमचा पाया राहिला.

उच्च रक्तदाबाच्या उपचारांची तत्कालीन स्थिती

१९४०च्या दशकात उच्च रक्तदाबावर खात्रीचा व सोसवेल असा उपचार जगात कोठेही उपलब्ध नव्हता. विश्रांती, मिठाचे पथ्य आणि झोपेची औषधे हे नेहमीचे उपाय होते. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर यांनी भात व फळे यांवर आधारलेला कडक आहार सुचवला होता. पण तो दीर्घकाळ पाळणे फार थोड्या रुग्णांना जमत असे. थायोसायनेटसारखी औषधे विषारी ठरत. गंभीर रुग्णांत पाठीच्या कण्यालगतचे अनुकंपी चेतातंतू शस्त्रक्रियेने कापले जात. रक्तवाहिन्या आवळणारे संदेश या तंतूंतून जात असल्याने ते तोडल्यावर रक्तदाब उतरत असे. मात्र शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यापूर्वी त्यांचा रक्तदाब सतत वाढत गेला होता आणि त्यांच्या डॉक्टरांकडेही त्यावर प्रभावी औषध नव्हते.

सर्पगंधा : पूर्वपीठिका

सर्पगंधा हे करवीर कुलातील लहान झुडूप आहे. त्याच्या मुळीचा उपयोग भारतात सर्पदंश, ताप, निद्रानाश व उन्माद यांवर फार पूर्वीपासून केला जात असे. बिहारमध्ये ती वेडावरचे औषध म्हणून परिचित होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए यांनी १७०३ साली या प्रजातीला औग्सबुर्ग येथील सोळाव्या शतकातील वैद्य व प्रवासी लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ राउवोल्फिया हे नाव दिले.

आधुनिक पद्धतीने या मुळीचा अभ्यास वकील यांच्या आधीच सुरू झाला होता. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांत ती उपयोगी असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलिमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतील काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन असे नाव देण्यात आले. कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मुळीच्या अर्काने रक्तदाब उतरतो असे दाखवले. १९३४ पासून हिमालय ड्रग कंपनीने मुळीपासून तयार केलेल्या सर्पिना या गोळ्या बाजारात आणल्या.

भारतीय डॉक्टर ही मुळी वापरत होते, पण तिच्या उपयुक्ततेचा मोजलेला पुरावा तुटपुंजा होता. जे काही प्रसिद्ध झाले होते ते प्रामुख्याने देशातील नियतकालिकांत विखुरलेले असल्याने परदेशी वैद्यकाच्या नजरेस पडले नव्हते.

१९४९ची चाचणी

वकील यांनी प्राथमिक स्वरूपाच्या, म्हणजे ज्यामागे मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाचा विकार आढळत नाही अशा, उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले. औषध सुरू करण्यापूर्वी, ते चालू असताना आणि थांबवल्यानंतर त्यांचा रक्तदाब नियमितपणे नोंदवण्यात आला. बहुसंख्य रुग्णांत आकुंचनी व प्रसरणी असे दोन्ही दाब कमी झाले. परिणाम एकाएकी न होता सावकाश होत असे, नाडी मंदावत असे, रुग्णाला शांत वाटत असे आणि औषध बंद केल्यावरही दाब लगेच पूर्ववत चढत नसे. आधीच्या औषधांच्या मानाने दुष्परिणाम सौम्य होते. नाक चोंदणे व सुस्ती या तक्रारी त्यांत प्रमुख होत्या.

याच सुमारास देशातील ५० डॉक्टरांकडे केलेल्या विचारणेत ४६ जणांनी उच्च रक्तदाबावरील पसंतीचे औषध म्हणून सर्पगंधेचे नाव सांगितले, अशीही नोंद वकील यांनी केली आहे.

आजच्या निकषांनी पाहता ही चाचणी लहान होती आणि रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची पद्धत तीत नव्हती. तशा प्रकारची पहिली मोठी चाचणी, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची, ब्रिटनमध्ये अवघे एक वर्ष आधी प्रसिद्ध झाली होती. तरीही वकील यांच्या लेखात रुग्णनिवड, मात्रा, कालावधी व मोजमापे स्पष्टपणे दिलेली असल्याने दुसऱ्या देशातील डॉक्टरांना तोच प्रयोग आपल्या रुग्णांवर करून पाहता येणे शक्य झाले.

जागतिक परिणाम

बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स मेमोरियल रुग्णालयांतील रॉबर्ट विल्किन्स यांनी हा लेख वाचून सर्पगंधेची मुळी मागवली आणि तिचा वापर सुरू केला. त्यांच्या निष्कर्षांनी वकील यांच्या निरीक्षणांना दुजोरा मिळाला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीतील योहानेस म्युलर, एमिल श्लिटलर आणि ह्यूगो बाइन यांनी मुळीतील मुख्य प्रभावी अल्कलॉइड वेगळे करून त्याला रेझर्पिन असे नाव दिले. १९५६ साली रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी या गुंतागुंतीच्या रेणूचे प्रयोगशाळेत संश्लेषण केले. १९५५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सर्क्युलेशन या नियतकालिकात वकील यांनी तोपर्यंतच्या साऱ्या साहित्याचा आढावा घेतला.

न्यूयॉर्क येथील मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी रेझर्पिनचा उपयोग तीव्र मनोविकारांच्या रुग्णांवर केला. अशा प्रकारे भारतीय परंपरेत सांगितलेले मुळीचे दोन्ही उपयोग, रक्तदाबावरील आणि उन्मादावरील, एकाच दशकात पाश्चात्त्य वैद्यकात प्रविष्ट झाले.

हृदयाच्या आकुंचनाशी असलेला संबंध

मुळीने रक्तदाब का उतरतो, याचे उत्तर १९४९ साली कोणालाही ठाऊक नव्हते. नाडी मंदावणे, परिणाम हळूहळू येणे आणि औषध थांबल्यावरही तो टिकून राहणे, ही वकील यांनी खाटेपाशी टिपलेली लक्षणे पुढच्या संशोधनाने रेणूंच्या पातळीवर स्पष्ट केली.

अनुकंपी चेतातंतूंची टोके हृदयाच्या स्नायूंत व रक्तवाहिन्यांच्या भित्तींत पसरलेली असतात. ही टोके नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशद्रव्य स्रवतात, असे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवले होते. हे द्रव्य टोकांतील सूक्ष्म पुटिकांमध्ये साठवलेले असते. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे ओके बर्टलर, आर्विड कार्लसन व एव्हाल्ड रोझेनग्रेन यांनी सशांना रेझर्पिन टोचले, तेव्हा त्यांच्या हृदयातील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा जवळजवळ नाहीसा झाल्याचे आढळले. रेझर्पिन पुटिकांच्या पटलावरील वाहक प्रथिनाला घट्ट चिकटून ते निकामी करते, असे कालांतराने सिद्ध झाले. त्यामुळे संदेशद्रव्य पुटिकेत भरले जात नाही आणि बाहेर राहिलेले द्रव्य मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराकडून नष्ट होते. साठा संपण्यास वेळ लागतो, म्हणून औषधाचा परिणाम सावकाश येतो. नव्या पुटिका तयार होऊन टोकापर्यंत पोहोचण्यास आणखी वेळ लागतो, म्हणून तो रेंगाळतो.

रेझर्पिन संदेशद्रव्याचा साठा रिकामा करत असले, तरी संदेश स्वीकारणाऱ्या पेशींना ते हात लावत नाही. ऑक्सफर्ड येथील जोशुआ बर्न व मायकेल रँड यांनी १९५८ साली याचा उपयोग करून घेतला. साठा रिकामा झालेल्या प्राण्याला बाहेरून नॉरॲड्रेनॅलिन दिल्यास त्याला जोरदार प्रतिसाद मिळतो, पण टायरामिन दिल्यास मिळत नाही, असे त्यांना दिसले. त्यावरून टायरामिन स्वतः काम करत नसून साठवलेले नॉरॲड्रेनॅलिन बाहेर काढते, हे उघड झाले. एखाद्या द्रव्याचा परिणाम चेतातंतूवर होतो की थेट हृदयपेशीवर, हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळांतून रेझर्पिनचा सर्रास वापर होऊ लागला.

हृदयपेशीवर पोहोचलेल्या संदेशाचे पुढे काय होते, हा शोध याच दशकांत समांतर चालला होता. नॉरॲड्रेनॅलिन व ॲड्रेनॅलिन हृदयपेशीच्या पटलावरील बीटा ग्राहींना जोडले जातात. रेमंड आल्क्विस्ट यांनी ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार १९४८ साली सुचवले होते. ग्राही जागृत झाल्यावर पटलाच्या आतील जी-प्रथिन कार्यान्वित होते आणि ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला चालना देते. हा विकर एटीपीपासून चक्रीय एएमपी हा लहान रेणू तयार करतो. अर्ल सदरलंड यांनी चक्रीय एएमपीचा शोध यकृतावरील प्रयोगांतून लावला आणि त्यासाठी त्यांना १९७१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चक्रीय एएमपीमुळे प्रथिन कायनेज ए हा विकर मोकळा होतो आणि निवडक प्रथिनांना फॉस्फेट गट जोडतो. याचे हृदयपेशीत एकाच वेळी अनेक परिणाम होतात. पटलावरील कॅल्शियम मार्गिका अधिक उघडतात व प्रत्येक ठोक्यागणिक जास्त कॅल्शियम आत येते. फॉस्फेट गट मार्गिकेलाच जोडला जातो, असा समज दीर्घकाळ होता; मार्गिकेला आवरून धरणारे रॅड हे लहान प्रथिन त्याचे खरे लक्ष्य असल्याचे २०२० सालच्या संशोधनात दिसून आले. पेशीच्या आतील जालिकेत कॅल्शियम परत ओढून घेणाऱ्या पंपावर फॉस्फोलँबन या प्रथिनाचा लगाम असतो. फॉस्फेट जोडला गेल्यावर तो सैल होतो. परिणामी स्नायू लवकर सैलावतो आणि पुढच्या ठोक्यासाठी जालिकेत अधिक कॅल्शियम जमा होते. ट्रोपोनिन आय या प्रथिनाला फॉस्फेट मिळाल्यावर स्नायुतंतू कॅल्शियम लवकर सोडतात. त्यामुळे ठोका अधिक जोरकस, तरीही अधिक आखूड होतो आणि वेग वाढला तरी हृदयात रक्त भरण्यास अवधी उरतो. हृदयाचा ताल ठरवणाऱ्या पेशींत चक्रीय एएमपी विशिष्ट मार्गिकांना थेट जोडला जाऊन ठोक्यांची गती वाढवतो.

रेझर्पिनने चेतातंतूंतील साठा रिकामा झाल्यावर या साखळीची पहिली कडी दुर्बळ होते. हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि रक्तदाब उतरतो. हीच साखळी दुसऱ्या जागी, म्हणजे ग्राहीपाशी, अडवणारी प्रोप्रॅनोलोल वगैरे औषधे जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६०च्या दशकात आली.

याच संदेशाच्या अतिरेकाचे उदाहरण महाराष्ट्रात विंचूदंशात पाहावयास मिळते. कोकणात तसेच मराठवाड्यातील नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात परिचित असलेल्या लाल विंचवाच्या विषामुळे शरीरातील ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन एकदम मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. रक्तदाब भडकतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवू शकतो. मराठवाड्यात जन्मलेले आणि रायगड जिल्ह्यातील महाड येथे कार्यरत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आल्फा ग्राही अडवणाऱ्या प्राझोसिनचा अशा रुग्णांवर यशस्वी वापर केला. मर्यादित साधनांनिशी, रुग्णाच्या खाटेपाशी राहून केलेली मोजमापे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडण्याची जी वाट वकील यांनी चोखाळली होती, तिच्याशी या कार्याचे साधर्म्य आहे.

मर्यादा व वाद

रेझर्पिनचा वापर वाढला तसे त्याचे दोषही पुढे आले. मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र खिन्नता दिसू लागली आणि कंपवातासारखी लक्षणे आढळली. मेंदूतील संदेशद्रव्यांचे साठेही रिकामे होत असल्याचा हा परिणाम होता. १९५७ साली कार्लसन यांनी रेझर्पिनमुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. मेंदूतील डोपामिनचे महत्त्व स्पष्ट करणारे आणि कंपवातावरील आजच्या उपचाराकडे नेणारे हे संशोधन होते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९७४च्या सप्टेंबर महिन्यात लॅन्सेट या नियतकालिकात तीन अभ्यास प्रसिद्ध होऊन रेझर्पिनचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडण्यात आला. नंतरच्या अभ्यासांत या शंकेला पुष्टी मिळाली नाही. परंतु तोपर्यंत नवी औषधे उपलब्ध झाली होती आणि रेझर्पिनचा वापर झपाट्याने घटला.

दुसऱ्या बाजूला, उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने पक्षाघात व हृदयनिकामी होण्याचे प्रमाण खरोखर कमी होते हे सिद्ध करणाऱ्या, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीतही रेझर्पिन हे वापरलेल्या तीन औषधांपैकी एक होते. या चाचणीचे निष्कर्ष १९६७ व १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी वाढलेला दाब औषधांनी उतरवावा की नाही, याबद्दलच वैद्यकात मतभेद होते.

सर्पगंधेच्या श्रेयाविषयी लिहिताना वकील यांना कधी कधी या औषधाचे संशोधक म्हटले जाते. वस्तुतः वनस्पतीचे गुण परंपरेला ठाऊक होते, तिची अल्कलॉइडे दिल्लीत वेगळी झाली होती आणि प्राण्यांवरील प्रयोग कोलकात्यात झाले होते. वकील यांचे योगदान रुग्णांवरील पद्धतशीर पुराव्याचे आहे आणि स्वतःच्या आढाव्यात त्यांनी पूर्वसूरींच्या कार्याची दखल घेतलेली आहे.

अन्य संशोधन

छातीत कळ येण्याचा नेहमीचा विकार आणि हृदयाच्या स्नायूचा भाग मृत होऊन येणारा झटका यांच्या दरम्यानच्या अवस्थेचा वकील यांनी सविस्तर अभ्यास केला. त्यावरील त्यांचा लेख १९६१ साली सर्क्युलेशनमध्ये प्रसिद्ध झाला. या अवस्थेतील रुग्णाला वेळीच ओळखून विश्रांती व रक्त गोठू न देणारी औषधे दिल्यास पुढचा झटका टाळता येण्याची शक्यता वाढते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. आज ही अवस्था अस्थिर हृदयशूळ म्हणून ओळखली जाते आणि तिच्या उपचारांत रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधांना मध्यवर्ती स्थान आहे.

ग्रंथलेखन

अस्पी गोलवाला यांच्यासह वकील यांनी लिहिलेला रुग्णतपासणीवरील ग्रंथ भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचे ते संपादक होते. भारतीय रुग्ण आणि भारतीय रोगस्थिती डोळ्यांसमोर ठेवून देशातील तज्ज्ञांनी लिहिलेला हा ग्रंथ पुढे अनेक आवृत्त्यांतून वाढत गेला. वैद्यकाच्या इतिहासाचीही वकील यांना आवड होती. द रोमान्स ऑफ हीलिंग हा निबंधसंग्रह आणि अवर ग्लोरियस हेरिटेज हे पुस्तक यांतून ती दिसून येते.

सन्मान

वकील यांना १९५७ साली वैद्यकीय संशोधनासाठी दिला जाणारा अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नेथन क्लाइन व रॉबर्ट नोस यांना रेझर्पिनच्या मनोविकारांतील वापरासाठी, तर आंरी लाबोरी, पिएर डेनिकर व हाइन्झ लेमान यांना क्लोरप्रोमाझिनवरील कार्यासाठी हा पुरस्कार देण्यात आला. विल्किन्स यांना तो पुढच्या वर्षी मिळाला. भारत सरकारने १९५८ साली वकील यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९६५ साली वैद्यकीय विज्ञानासाठीच्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

निधन

२० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी वकील यांचे निधन झाले. उच्च रक्तदाबावरील नेहमीच्या उपचारांतून सर्पगंधा व रेझर्पिन आता बहुतांशी बाद झाली आहेत. चेतासंस्थेच्या औषधशास्त्रात मात्र रेझर्पिनवरील प्रयोग आजही मूलभूत मानले जातात आणि त्यांच्या इतिहासात मुंबईतील ५० रुग्णांच्या नोंदींचा उल्लेख आवर्जून येतो.